आपलं घर अडीच वॅटचं आहे

गेल्या दोन-तीन वर्षांत मला ओळखीतल्या पोरापोरींचे ठरावीक मेसेज येतात. नवी नोकरी, भाड्याचा वन बीएचके, पहिला बोनस. 'ताई, हॉलसाठी स्पीकर घ्यायचेत. बजेट ३० हजार. यातला कुठला?' खाली तीन लिंका. आणि त्याखाली हमखास, 'बेस कुणाचा जास्त आहे?'

मी उलट विचारते, 'रात्री साडेनऊला गाणी लावतोस तेव्हा आवाज किती असतो?' उत्तर येतं, 'हळूच गं. भिंतीपलीकडे त्यांचं बाळ झोपलेलं असतं.' मग मी म्हणते, 'तर त्या हळू आवाजासाठी स्पीकर निवड.' यावर एक अंगठा येतो. आठवड्याभराने कमरेएवढ्या दोन काळ्या खोक्यांचा फोटो येतो.

माझं भांडण आहे ते इथं. ज्या आवाजात आपण घरी कधीच गाणी लावणार नाही, त्या आवाजात ऐकून आपण स्पीकर विकत घेतो. आणि ज्या आवाजात पुढची दहा वर्षं रोज ऐकणार आहोत, त्या आवाजात तो कसा वाजतो हे दुकानात विचारतसुद्धा नाही. दुकानदार सांगत नाही, यूट्यूबवरचा परीक्षक सांगत नाही, खोक्यावरचा आकडा तर नाहीच नाही.

हे शहाणपण मला आयतं मिळालेलं नाही. त्यासाठी मी ७२ हजार रुपये मोजलेत, तेही हप्त्यांनी.

आई गेल्यावर बाबा सांगलीहून माझ्याकडे डोंबिवलीला राहायला आले. बँकेत कारकुनी करून निवृत्त झालेला माणूस, पण आयुष्यभर गाणं ऐकलेला. मला वाटलं, दिवसभर एकटे असतात, घरात चांगली स्टिरिओ सिस्टीम हवी. मी मुंबईतल्या एका मोठ्या शोरूममध्ये गेले. जाड गालिचा, भिंतींना फोम, आमच्या अख्ख्या फ्लॅटएवढी खोली. विक्रेता बराच वेळ माझ्याशी न बोलता सोबत आलेल्या भावाशी बोलत होता, ते सोडा. त्याने एक इलेक्ट्रॉनिक ट्रॅक लावला. छातीत धडधडलं. त्या धडधडीलाच मी संगीत समजले, आणि तिथल्या तिथे कार्ड काढलं.

आमचा हॉल १० बाय १४ फूट. टीव्ही युनिटच्या दोन्ही बाजूंना, भिंतीला टेकून ते दोन मनोरे उभे राहिले. रविवारी सकाळी मी भीमसेन जोशींची तोडी लावली. बाबा म्हणाले, 'भारी आहे.' पंधरा दिवसांनी ऑफिसातून लवकर घरी आले तर हॉलमध्ये शांतता. बाबा स्वयंपाकघरात स्टुलावर बसलेले, मसाल्याच्या डब्याला फोन टेकवून ठेवलेला, आणि फोनच्या त्या नखाएवढ्या स्पीकरातून तीच तोडी चालू. मी काही विचारायच्या आत म्हणाले, 'इथं शब्द कळतात गं.'

त्या दिवशी मला राग आला, तो बाबांचा. खरा राग यायला आणि तो योग्य जागी जायला वर्ष लागलं.

आधी हिशोब सांगते, कारण सगळी फसवणूक हिशोबात आहे. स्पीकरच्या माहितीपत्रकात वॅटच्या शेजारी एक आकडा असतो, त्याकडे कुणी बघत नाही. सेन्सिटिव्हिटी. साधारण एक वॅट दिला तर एक मीटरवर किती आवाज होतो, ते डेसिबलमध्ये. मध्यम दर्जाच्या घरगुती स्पीकरचा हा आकडा ८६ च्या आसपास असतो. सोफा आठ फुटांवर असेल तर अंतरामुळे सात-आठ डेसिबल कमी होतात, दोन स्पीकर असल्यामुळे तीन परत मिळतात. म्हणजे प्रत्येकी फक्त एक वॅट दिला तरी सोफ्यावर ८० च्या वर आवाज पोचतो. ८० म्हणजे दोघांना बोलायचं तर ओरडावं लागेल असा. बाबा संध्याकाळी गाणं लावतात तेव्हा माझ्या फोनवरचं मापक ६५ च्या आसपास दाखवतं. फोन काही प्रयोगशाळेचं यंत्र नाही, दोन-चार इकडेतिकडे धरा. ८१ वरून ६५ वर यायचं म्हणजे वीज चाळीस पटींनी कमी. एका वॅटचा चाळिसावा हिस्सा. तबल्याची तिहाई, समेवरची थाप, एकदम उसळलेली तान अशा क्षणी आवाज सरासरीच्या २० डेसिबल वर गेला, तर शंभरपट वीज लागेल. शंभरपट म्हणजे किती? अडीच वॅट.

अडीच. एवढ्यात आमचं घर चालतं. तुमचंही बहुधा एवढ्यातच चालत असेल.

आता खोक्यावरचे ४०० वॅट, ८०० वॅट बघा. १९९०च्या दशकात टू-इन-वनवर 'पीएमपीओ' असं लिहून हजाराचे आकडे छापायचे. त्या मोजणीला कुठलंच सर्वमान्य मानक नव्हतं, आणि उलटं करून मागची पट्टी वाचली तर वीजवापर ३०-४० वॅट लिहिलेला असायचा. आलेल्या विजेपेक्षा जास्त वीज सतत बाहेर काढणारं यंत्र अजून जन्मायचंय. पीएमपीओ आता म्हाताऱ्यांच्या आठवणीत गेला, पण आकड्याची भूक तशीच आहे. आणि खऱ्या वॅटचाही उपयोग ऐका. ५० चे १०० वॅट केलेत तर तीन डेसिबल वाढतात. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला सुमारे दहा डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वीज. दुप्पट वॅटचे दुप्पट पैसे देऊन तुम्ही आवाजाचं बटण एक चिमूट फिरवलंत, एवढंच.

बरं, पैसे गेले तर गेले. माझा खरा आक्षेप पुढे आहे. मोठ्या आवाजात छान वाटावा असा बनवलेला स्पीकर हळू आवाजात गाणं बिघडवतो.

आपला कान सगळ्या सुरांना सारखा वागवत नाही. अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली हे मोजून दाखवलं. आवाज कमी केला की खालचे स्वर कानाला मधल्या स्वरांपेक्षा फार लवकर सोडून जातात. जुन्या अॅम्प्लिफायरवर 'लाउडनेस' नावाचं बटण असायचं ते याचसाठी. आता दुकानातला माल कसा असतो? ढूमढूम भरपूर, वर झांजेची चकचक भरपूर, आणि मध्ये पोकळ. मोठ्याने लावला की अंगावर काटा येतो. घरी आणून हळू लावला की खालचं कानाला ऐकू येत नाही, आणि मधे तर मुळातच काही नाही. मध्ये काय असतं? माणूस. गाण्यातले शब्द, सारंगीचा गज, सिनेमातले संवाद. शब्द कळेनात म्हणून तुम्ही आवाज वाढवता. लगेच भिंती घुमायला लागतात. खालच्या मजल्यावरच्या काकू वर येतात. तुम्ही आवाज कमी करता. शब्द पुन्हा गेले. घरोघरी रिमोटवर चाललेली ही बारीक लढाई तुम्ही पाहिली असेल. वय झालेल्या माणसाचं त्यात आणखी मरण, कारण वयाबरोबर वरचे स्वर आधी जातात आणि 'स', 'श', 'फ', 'त' ही व्यंजनं तिथंच राहतात. आमच्या बाबांना फोनमध्ये शब्द कळत होते, कारण त्या बिचाऱ्या फोनमध्ये घुमण्याइतका बेसच नव्हता.

या बेसवेडाचं मूळ कुठे आहे, हे बाबांच्या गावात जाऊन बघावं. सांगली, कोल्हापूर, साताऱ्याकडे गणपतीच्या मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतीला 'डॉल्बी' म्हणतात. 'यंदा डॉल्बी कुणाची?' रे डॉल्बी या माणसाने १९६५ साली कंपनी काढली आणि नाव कमावलं ते टेपमधली खरखर, म्हणजे नको असलेला आवाज, कमी करण्याच्या तंत्रासाठी. त्याचं नाव आपण खिडक्यांच्या काचा थरथरवणाऱ्या ट्रकला दिलं. मिरवणुकीत नाचायला ती भिंत लागत असेल, नाचा. पण तीच भूक आपण हॉलमध्ये आणतो, आणि रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची कायद्याची मर्यादा असलेल्या देशात १०० डेसिबलची स्वप्नं हप्त्यांवर घेतो.

'पण मोठा स्पीकर मोठाच वाजणार ना?' हा प्रश्न येतोच. डोळे मिटल्यावर तसं नेहमी होत नाही. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या दोघांनी १९९४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. तेच ४० श्रोते, तेच स्पीकर. एकदा पडद्याआड, एकदा समोर दिसतील असे. स्पीकर दिसायला लागल्यावर मोठ्या, महागड्यांचे गुण वाढले आणि छोट्या, स्वस्त संचाचे घसरले. गंमत म्हणजे श्रोते त्याच धंद्यातल्या कंपनीचे कर्मचारी होते. ज्यांना कळायला हवं त्यांनाही डोळ्यांनी फसवलं, तर शनिवारी संध्याकाळी गर्दीच्या शोरूममध्ये उभ्या असलेल्या तुमचं-माझं काय घेऊन बसलात. त्यात विक्रेत्याच्या हातात आवाजाचं बटण. दोन स्पीकर शेजारी लावून एक किंचित मोठा ठेवला, की कान त्यालाच 'जास्त स्पष्ट' म्हणतो. यात विक्रेत्याचा दुष्टपणा असेलच असं नाही. पण तुम्ही तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा करा असं म्हणणार नसाल, तर ती तुलना नव्हेच.

उलट उदाहरण द्यायचं तर बीबीसीचं. १९७०च्या दशकात त्यांच्या इंजिनिअरांना बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाडीत बसेल असा छोटा स्पीकर हवा होता. त्या अरुंद जागेत निवेदकाचा आवाज खरा येतोय की नाही, हे कळलं पाहिजे एवढी अट. त्यातून एलएस३/५ए जन्मला. एक फूट उंच, वूफर तळहाताएवढा, खालचा बेस जवळपास सोडूनच दिलेला. आज पन्नास वर्षांनंतरही लोक तो शोधत फिरतात. तुमची खोली त्या गाडीपेक्षा मोठी आहे हे मान्य. पण शोरूमच्या गालिचावाल्या दालनापेक्षा ती त्या गाडीच्या जास्त जवळची आहे.

आणि खोली हाच अर्धा स्पीकर असतो. आमच्या हॉलची रुंदी १० फूट, छत साडेनऊ फुटांवर. दोन समांतर भिंतींमध्ये एक ठराविक खालचा स्वर अडकतो आणि फुगतो. हवेतला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धरला तर १० फुटांसाठी तो स्वर ५६ हर्ट्झचा येतो, साडेनऊसाठी ५९ चा. दोन्ही जवळजवळ एकाच जागी. लांबीचा ४० वर. माझे मनोरे नेमके या तिन्ही ठिकाणी ताकदीने वाजत होते, आणि भिंतीला टेकल्यामुळे आणखीच. भीमसेनजींच्या मागे तबला वाजत नव्हता, पाण्याची टाकी वाजत होती. त्यात व्हिट्रिफाइड टाइल्स, सरकत्या काचा, उघड्या भिंती. एकदा हॉलच्या मध्यभागी उभं राहून टाळी वाजवून बघा. 'टण्ण' असं शेपूट ऐकू आलं, तर ते शेपूट प्रत्येक शब्दामागे लागलेलं आहे. त्यावर पडदा, सतरंजी, पुस्तकांचं कपाट, आजीची गोधडी असं काहीही चालतं. पण गोधडीने बेस आवरत नाही. तो जागा बदलूनच आवरतो, किंवा नको तेवढा मुळात न आणून.

'मग खर्ज कुठून येणार?' हा बाबांच्या सांगलीच्या मित्राचा प्रश्न. प्रश्न चांगला आहे. काळी एकच्या पुरुषी तंबोऱ्याचा मधला षड्ज १३९ हर्ट्झच्या आसपास, खर्जाची तार त्याच्या निम्मी, ६९ च्या आसपास. पाच-सहा इंची वूफरचा नीट बनवलेला बुकशेल्फ स्पीकर तिथपर्यंत आरामात उतरतो. त्याखाली आपल्या रागदारीत, भावगीतात, अभंगात, जुन्या सिनेमात फारसं काही राहत नाही. तुम्ही इलेक्ट्रॉनिक किंवा हिप-हॉप ऐकत असाल तर तिथं खरंच काही असतं. मग वर्षभराने, खोली ओळखीची झाल्यावर, वेगळा सबवूफर घ्या. आधी माणसाचा आवाज आणा घरात.

एक खोकं की दोन, यावर मला फार वाद घालायचा नाही, पण थोडा घालते. ब्रिटिश इंजिनिअर अॅलन ब्लमलाइनने १९३१ साली स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला. दोन स्पीकर आणि ऐकणारा असा त्रिकोण जुळला, की आवाज दोन्ही खोक्यांतून सुटून मधल्या मोकळ्या हवेत उभा राहतो. वीतभर रुंदीच्या ब्लूटूथच्या डब्यावर 'स्टिरिओ' लिहिलेलं असतं तेव्हा हा त्रिकोण कुठे करायचा, हे कंपनीने डब्याबरोबर कळवावं. स्वयंपाक करताना, अंघोळीला, सहलीला तो डबा उत्तम. जुन्या नाट्यपदांची, ७८ च्या तबकड्यांची मुद्रणं मुळात मोनोच आहेत, त्यांचं त्याने काही बिघडत नाही. पण ज्यांच्याकडे दोन स्पीकर आहेत तेही एक फ्रिजवर आणि एक शोकेसच्या खणात, समयांच्या मागे कोंबतात. त्यापेक्षा डबा बरा. निदान पाच वर्षांनी बॅटरी मेल्यावर त्याचा नाद तरी सुटतो.

दुसऱ्या टोकाची जमात आहे, तिच्याबद्दल थोडक्यात. स्कूटरच्या किमतीची तार घेणारे आणि 'तुझे कान अजून तयार नाहीत' म्हणणारे. आठ-दहा फुटांच्या अंतरासाठी घरच्या वायरिंगची दीड-अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पुरते. बाकी दर्शनाची दक्षिणा आहे. यांच्या धाकाने साधी पोरं या वाटेला येतच नाहीत आणि शेवटी ऑफर लागलेला साउंडबार घेऊन मोकळी होतात.

मी शेवटी मनोरे ३१ हजारांना विकले. ठाण्यातल्या एका गृहस्थांकडून नऊ हजारांत जुने बुकशेल्फ घेतले. घेताना वूफरभोवतीची कड दाबून बघितली. आपल्या दमट हवेत फोमची कड काही वर्षांत पिठासारखी झडते, रबराची टिकते. ही रबराची होती. २० वॅटचा छोटा अॅम्प्लिफायर. लाकडी स्टुलं, भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे, ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला. बाबा म्हणाले, 'वाटेत आलेत.' खरंच वाटेत आलेत. केर काढणाऱ्या मावशी आठवड्यातून एकदा तरी मला ऐकवतात.

पहिले काही दिवस बाबा काहीच बोलले नाहीत. मग एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता हात थांबवून म्हणाले, 'डावीकडचा तंबोरा जरा उतरलाय बघ.' मला कळला नाही. मला अजूनही कळत नाही. पण कुठल्या मैफलीत कुणाचा तंबोरा असा उतरला होता आणि मागे बसलेल्या शिष्याकडे बुवांनी कसं बघितलं होतं, ही गोष्ट त्यानंतर तासभर चालली, आणि तोडी मागे हळू वाजत राहिली. त्या गोष्टीतला प्रत्येक शब्द मला ऐकू येत होता, तोडीचाही. दोन माणसं बोलत असताना मागे गाणं कळत राहतं, तो आवाज आमच्या घराचा.

म्हणून आता कुणाबरोबर स्पीकर घ्यायला जायची वेळ आली, तर मी जोडीला तीन गाणी नेते. तिन्हींत माणसाचा ओळखीचा आवाज. गेल्या महिन्यात ऑफिसातल्या एका मुलीसोबत गेले होते. विक्रेत्याने सवयीने दणकून लावलं. मी म्हटलं, कमी करा. त्याने केलं. अजून कमी करा. केलं. आम्ही दोघी नेहमीच्या आवाजात बोलू शकू एवढं कमी झाल्यावर मी म्हटलं, आता हा आणि तो शेजारचा छोटा, दोन्ही आलटून पालटून ऐकवा.

तो क्षणभर थांबला, मग खरोखर काळजीने म्हणाला, 'मॅडम, एवढ्या हळू लावल्यावर स्पीकर कळणार कसा?'